पेवावर बसून मोजलेली पाखरं

१२ जानेवारी १९४९. ज्वारी पाखडायला बसले आहे. खरं तर आज ती अंगणात उन्हाला घालायची होती, पण ऊनच नाही. कालपासून आभाळ खाली उतरलं आहे, उगवतीचा वारा सुटला आहे आणि भर पौषात अंगणातली माती ओली दिसते आहे. म्हणून दार लोटून आत बसले. सोंडे काढायचे, कडुनिंबाचा पाला घालायचा आणि डबा भरून टाकायचा. भरण्याआधी ओंजळभर ज्वारी नाकाशी नेली. वास चांगला आहे.

ही नाकाशी नेण्याची सवय मला चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत लागली. त्या जानेवारीतही असंच आभाळ होतं. तेव्हा मी तीन दिवस एका पेवावर बसून पाखरं मोजत होते, आणि आपण पेवावर बसलो आहोत हे मला माहीत नव्हतं.

पेव म्हणजे धान्याची जमिनीतली कोठी. आडासारखं खणलेलं, तोंड अरुंद, पोट मोठं, आतून कडबा आणि राख लावलेली, वर दगड आणि त्यावर माती. हे पेव ठकूबाईचं. त्यात तिच्या आणि तिच्या दोन दिरांच्या घरची ज्वारी होती, नवा शाळू येईपर्यंत पुरवायची. वरून पाऊस पडत होता, पेवात पाणी मुरत होतं, आणि मी तिथे बसले होते म्हणून ते उघडता येत नव्हतं. ठकूबाई हे तिचं खरं नाव नाही. गावातले ओळखतील, त्याला माझा इलाज नाही.

आमचं गाव कर्जतपासून तीन कोसांवर. गावाला तळं आहे. जुन्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून, पाट्या वाहून आणि धरणाची भिंत घालून बांधलेलं. ठकूबाईच्या सासूने त्या कामावर पाट्या वाहिल्या होत्या. त्या घरात धान्याला किती जपत, ते यावरून समजावं. तळ्याच्या अलीकडच्या काठावर, मुरमाच्या उंचवट्याशेजारी, मिशनची मुलींची शाळा. शाळेत मी एकटीच शिकवते आणि मागच्या खोलीत राहते.

त्या वर्षी वरून पत्र आलं, की दामले नावाचे गृहस्थ पक्षी मोजायला येत आहेत, त्यांना मदत करावी. मुंबईकडच्या काही हौशी मंडळींनी ठरवलं होतं, की हिवाळ्यातल्या एकाच आठवड्यात जमतील तेवढ्या तळ्यांवरचे पक्षी मोजायचे. मी पत्र दोनदा वाचलं. लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, लेव्हीसाठी, म्हणजे सरकारला सक्तीने द्यायच्या धान्यासाठी, घराघरातली ज्वारी मापली जात होती, आणि कुणाला पाखरं मोजायला सुचत होतं. मला पटलं नाही. यामागे काहीतरी दुसरं असणार, असं मी त्याच दिवशी मनाशी नोंदवून ठेवलं.

दामले आले तेव्हा माझा संशय वाढला. कालव्याच्या खात्यातून निवृत्त झालेला, साठीचा, सडपातळ माणूस. अंगात खाकी कोट, डोक्यावर खाकी टोपी. हातात काठी, आणि काठीला खाली लोखंडी टोक. बरोबर तीन पायांवर उभी करायची दुर्बीण. तीन पायांवर काहीही उभं केलेलं दिसलं, की कुणाची तरी जमीन जाते, एवढं गावाला अनुभवाने ठाऊक होतं. लेव्हीची माणसं लोखंडी सळई जमिनीत खुपसून पेवं शोधतात, अशी बोलवाही त्या दिवसांत होती. आणि दामल्यांची सवय अशी, की कुठेही बसण्याआधी काठी जमिनीत खच्चून रोवायची आणि तिच्यावर टोपी अडकवायची.

पहिल्या सकाळी आम्ही काठावर गेलो. उंचवट्यावर बाभळीच्या काट्यांचा मोठा ढीग होता. पक्षी मोजणाऱ्याला आडोसा लागतो. दामले खूश झाले.

"वा! आयतीच जागा!" म्हणाले, आणि ढिगाशेजारी काठी रोवली.

ती काठी ज्वारीपासून किती वितींवर होती, ते आज मला सांगता येईल.

मोजायची रीत मीच काढली. माझ्या यजमानांचा जुना लोकरी कोट मी थंडीत घालते. ते वारले, कोट चांगला होता, म्हणून ठेवला. त्याला दोन मोठे खिसे आहेत. शाळेतले बेरजेचे चिंचोके डाव्या खिशात भरायचे. दहा पाखरं मोजून झाली की एक चिंचोका उजव्या खिशात टाकायचा. बोटं गारठली तरी चिंचोका हाताला लागतो, आणि पावसात कागद भिजत नाही. दामल्यांनी रीत मान्य केली, पण आमचे आकडे जुळेनात. चांदव्यांचा काळा थवा पाण्यावर पसरला की त्यांना तो नेहमी माझ्यापेक्षा मोठा दिसे.

"बाई, तुम्ही हात राखून मोजता."

"साहेब, तुम्ही हवेत तेवढे मोजता."

थापट्या, तलवार बदक, चक्रवाक ही नावं मी त्यांच्याकडून शिकले. गावात सगळ्यांना मिळून बदकं म्हणत. भुरभुर पाऊस होता. दुर्बिणीच्या काचेवर थेंब येत आणि दामले ते धोतराच्या टोकाने पुशीत. मी मनात म्हणत होते, हा माणूस नक्की काय बघतो आहे?

तेवढ्यात ठकूबाई शेळी घेऊन आली. त्या उंचवट्यावर गवताची काडी नव्हती, तरी तिने शेळी तिथेच बांधली.

"बाई, काय मोजताय वं?"

"पाखरं."

"आन मोजून?"

"मुंबईला कळवायचं."

"का? मुंबईला पाखरं न्हाईत व्हय?"

दामले हसले. माणूस गप्पिष्ट होता. ही पाखरं हिमालयापलीकडून येतात, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं. ठकूबाईने पदर कानांवर ओढून घेतला.

"येवढ्या लांबनं येत्यात, ती खायालाच की. मंजी दाना हाय तितं पाखरू. व्हय का न्हाई?"

"अगदी बरोबर!" दामले म्हणाले. "करकोचे तर धान्य असेल तिथेच उतरतात. पाखरं कुठे किती, ते कळलं की धान्य कुठे किती, तेही कळतं." आणि आपण काहीतरी छान बोललो म्हणून त्यांनी ते वहीत लिहूनही घेतलं.

 ठकूबाईने एकदा वहीकडे पाहिलं, एकदा काठीकडे, आणि शेळीची दोरी उगाचच सोडून पुन्हा बांधली.

दुसऱ्या दिवशी झड लागली. शाळेत वीस मुलींपैकी सहा आल्या. ठकूबाईची हौसी आली नाही, तिच्या चुलत बहिणीही आल्या नाहीत. पावसामुळे, असं मी समजले. आलेल्या सहांपैकी एकीने सरळ विचारलं, "बाई, तुमी सरकारात गेलाय का?" मी तिला सातचा पाढा म्हणायला लावला. उत्तर दिलं नाही, ही चूक झाली. शाळेसाठी गावाने मला मुली दिल्या होत्या त्या माझ्या ज्ञानावर नव्हे, भरवशावर. ज्ञान कुणी तपासलं नव्हतं.

मला मात्र गावाचाच संशय येत होता. गावात सरपण ओलं झालं होतं, काटक्यांवरून जावाजावांची भांडणं चालली होती, आणि इथे काट्यांचा एवढा ढीग पडलेला, पण कुणी त्याला हात लावत नव्हतं. ठकूबाईचा नवरा धोंडिबा घोंगडीची खोळ घेऊन दिवसातून चार वेळा तिथून जाई. तिच्या जावा पाणी भरायला नेमक्या तिथल्याच चिखलात उतरत, जिथे घागर बुडण्याइतकंही पाणी नव्हतं. मी हिशोब मांडला, की ही मंडळी रात्री फासे लावून बदकं धरतात आणि फासे या ढिगात लपवतात. खात्री करायला मी एक फांदी उचलली.

"बाई, साप हाय तितं!" ठकूबाई केवढ्याने ओरडली!

"पौषात कसला साप, ठकूबाई?"

"हुता. म्या बगितला. ह्यो येवढा."

"मग तुझी शेळी इथे का बांधतेस?"

"शेळीला काय कळतंय?"

मग जरा थांबून, गोड आवाजात, "बाई, तुमी पल्याड जावा की. धरनापल्याडच्या हरभऱ्यात करकुचं लई हायती. हितं काय हाय? चिकूल नुस्ता."

दामले लगेच उठले. करकोचे म्हटल्यावर ते उठणारच. मी त्यांच्या कोटाची बाही धरून त्यांना बसवलं. ठकूबाई लांब गेल्यावर मी म्हटलं, "साहेब, ही बाई आपल्याला इथून हलवायला बघते आहे. काहीतरी लपवते आहे. म्हणूनच आपण हलायचं नाही."

दामल्यांनी ऐकलं. तो दिवसभर आणि पुढचा अर्धा दिवस आम्ही हललो नाही. पाऊस पडत होता.

मी संशयी आहे हे मला कुणी सांगायला नको. एकटीने शाळा चालवायची तर थोडा संशय लागतो. फळ्याचं सामान, मुलींची हजेरी, पाटलाची गोड भाषा, सगळ्यालाच लागतो. पण त्या दीड दिवसाचा विचार करते तेव्हा दिसतं, की माझा संशय खरा होता आणि तरी मी चुकले होते. ती लपवत होती, हे बरोबर. काय लपवते आहे हे मी माझ्या मनाने ठरवून टाकलं, आणि मग दुसरं काही दिसलंच नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी उठायला म्हणून जमिनीवर हात टेकला. हात मनगटापर्यंत आत गेला. मुरमात असा हात जात नाही. बाहेर काढला तर त्याला राख लागलेली, आणि वास. आंबलेल्या पिठाचा, गरम, आंबट वास. मी शेतकऱ्याच्या घरातली आहे. तो वास मला ठाऊक होता. पेवात पाणी शिरलं की दोन दिवसांत दाणे फुगतात, तापतात आणि आंबायला लागतात.

पाचेक मिनिटं मी काहीही मोजलं नाही. शेळी, घोंगडी, घागरी, साप, न आलेल्या मुली, सगळं एकेक करून जागेवर बसलं. तळ्याच्या पलीकडे शाळूची शेतं दिसत होती. पावसाने ताटं आडवी झाली होती. म्हणजे नव्या ज्वारीचा भरवसा नाही आणि जुनी इथे, माझ्या पायाखाली.

"कसला वास येतोय हो?" दामल्यांनी विचारलं.

"तळ्याचा गाळ. कुजतो असा," मी म्हटलं. "साहेब, उद्या आपण पलीकडे जाऊ. हरभऱ्यात. करकोचे मोजू."

त्यांनी दुर्बिणीवरून डोळा काढला. "काल तर तुम्ही म्हणाला होतात..."

"काल म्हणाले होते. आज इथली बदकं बुजली आहेत."

तळ्यावर बदकं निवांत पोहत होती. दामल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्या राखाडलेल्या हाताकडे पाहिलं, मग काठी उपटली. काठीच्या टोकाला काय लागलं होतं ते त्यांनी बोटाने पुसलं आणि बोट नाकाशी नेलं. "ठीक आहे," एवढंच म्हणाले. कालव्यावर तीस वर्षं काढलेल्या माणसाला गाळाचा वास कळत नसेल का, हा विचार मला संध्याकाळी आला. तोवर उशीर झाला होता. आता हा माणूस पत्र लिहून कुणाला कळवणार तर नाही ना, अशी दुसरी धास्ती सुरू झाली.

ठकूबाईच्या दारात मी अंधार पडायच्या आधी गेले. आत बोलावलं नाही. हौसी आईच्या मागे उभी होती, माझ्याकडे बघत नव्हती.

"उद्या सकाळपासून आम्ही धरणापलीकडे असू," मी म्हटलं. "दुपारपर्यंत."

"बरं."

"साहेबही तिकडेच."

"मंग हितं कोन ऱ्हानार?"

"कुणी नाही."

तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. चोरासाठी दार उघडं सोडून आतून पाळत ठेवतात, तसं काहीतरी तिच्या डोक्यात आलं असणार. मी तिच्या जागी असते तर माझ्याही आलं असतं.

"मला काय सांगता, बाई?" ती म्हणाली. "आमचं काय हाय तितं?"

"काही नाही. मी आपलं सांगितलं." मग निघता निघता, तिच्याकडे न बघता म्हणाले, "माझा चुलता ओल्या पेवात उतरला होता. झाकण काढलं आणि लगेच उतरला. घाई होती. वर आलाच नाही. आधी निदान दोन-तीन तास हवा जाऊ द्यावी, कंदील सोडून बघावा. कंदील विझला तर उतरू नये."

"आमाला कशाला सांगता?" तिने पुन्हा म्हटलं, पण या वेळी आवाज उतरला होता. चुलत्याची गोष्ट खरी आहे. मी आठ वर्षांची होते.

आत्ता, हे लिहिताना, ठकूबाई दारावरून गेली. डोक्यावर गोणपाट, वारा तोंडावर. धोंडिबाने छपरावर पाचट टाकायला घेतलं आहे, त्याला दोरी हवी होती. दोरी घेता घेता माझ्या सुपाकडे तिचं लक्ष गेलं.

"चांगली हाय का?"

"चांगली आहे."

"वास घेतला का?"

"घेतला."

"औंदा येनार का तुमचं सायब?"

"नाही."

"बरं झालं," म्हणाली, आणि गेली. चार वर्षांत त्या पेवाचं नाव ना तिने काढलं, ना मी. उंचवट्यावर आता नुसता खड्डा आहे, तोही निम्मा बुजलेला. गुरांनी त्यात पाय घालू नये म्हणून कुणीतरी भोवती काटे लावले आहेत. त्या वर्षी माघात मात्र तिने एकदा फडक्यात बांधून भाकरी आणून दिली होती. भाकरीला तो वास होता. खालचा आणि कडेचा थर गेला होता, वरचा वाळवून खाण्यासारखा राहिला होता, हे मला भाकरीवरूनच कळलं. चव घेण्यासारखी नव्हती. मी सगळी खाल्ली. ती समोर बसून बघत होती, मी टाकते का ते. दुसऱ्या दिवशी हौसी शाळेत आली.

आता बाहेर पुन्हा थेंब पडायला लागले आहेत. डबा भरून झाला आहे. राहिली ती त्या चौथ्या दिवसाची सकाळ.

त्या सकाळी आम्ही उजाडताच निघालो. धरणाच्या भिंतीवरून पलीकडे गेलो आणि तळ्याकडे पाठ करून, हरभऱ्याच्या शेताकडे तोंड करून दुर्बीण उभी केली. ठकूबाई खोटं बोलली नव्हती. हरभऱ्यात खरोखरच करकोचे होते, राखी रंगाचे, मान खाली घालून चरत असलेले. भुरभुर चालूच होती. मी डाव्या खिशात चिंचोके भरले आणि मोजायला लागले. तासाभरात मोजून झाले.

"चला," दामले म्हणाले. "भिजण्यात अर्थ नाही."

"पुन्हा मोजू," मी म्हटलं. "ते हलत होते."

दुसऱ्यांदा मोजताना मी एकदा मागे वळले. तळ्यापलीकडे उंचवट्यावर काट्यांचा ढीग बाजूला केलेला दिसला. चार माणसं होती. झाकण काढलेलं असणार, पण कुणी उतरत नव्हतं. चौघंही लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, घोंगड्या पांघरून बसली होती. हवा जाऊ देत होती. मी पुन्हा हरभऱ्याकडे तोंड केलं. पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा आलेला आकडा एकच होता. इतके दिवस जुळला नव्हता, तो त्या दिवशी दामल्यांचाही माझ्याशी जुळला.

"आता तरी?" दामले म्हणाले. त्यांच्या टोपीच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं.

"आणखी एकदा. मुंबईला चुकीचं जायला नको."

मुंबईची काळजी मला कधीपासून वाटायला लागली, हे त्यांनी विचारलं नाही. वाकून दुर्बिणीला डोळा लावला. तिसरी मोजणी मी शक्य तितकी सावकाश केली. ती संपत आली तेव्हा तळ्यावरून पाट्या आपटल्याचा आवाज आला, आणि पाण्यावरून येतो तसा अगदी जवळ आला. दामल्यांनी मान वळवली नाही.

"बाई," ते दुर्बिणीतूनच म्हणाले, "सगळे वर आले का?"

माझा हात खिशातच राहिला. मग मी मागे वळून पाहिलं. एकेक करून नीट मोजलं. ठकूबाई, तिचे दोन्ही दीर. दोरी ताणलेली.

"तीन आहेत. एक अजून आत आहे."

"मग पुन्हा मोजायला हवं," दामले म्हणाले, आणि दुर्बीण हरभऱ्याच्या पहिल्या कोपऱ्यावर आणून लावली.

मी उजव्या खिशातले चिंचोके डाव्या खिशात ओतले आणि पहिल्या करकोच्यापासून सुरुवात केली.